आठ पॅनलचा घेरा, आमची चिंगी आणि घरातल्या वायरी : सात महिन्यांच्या वापरानंतर

हा रिव्ह्यू लोखंडी जाळीच्या फोल्डिंग घेऱ्याचा आहे, ज्याला प्लेपेन म्हणून विकतात. आठ पॅनल, एकेक पॅनल 60 सेंमी रुंद आणि 75 सेंमी उंच, त्यातल्या एकाला दार, आणि दोन पॅनल जोडायला वरून खाली जाणारी लांब सळई. मुळात कुत्र्याच्या पिल्लांसाठी बनवलेली वस्तू आहे, पण घरात ससा ठेवणारे खूप जण हीच घेतात आणि मीपण आमच्या सशासाठी, चिंगीसाठी, घेतली. सोबत वायरी झाकायच्या तीन वस्तू आणि कुरतडू नये म्हणून मारायचा एक कडू स्प्रे घेतला होता, त्यांचंही सांगते, कारण नुसत्या घेऱ्याने घर वाचत नाही.

चिंगी आली तेव्हा तीन महिन्यांची होती आणि पहिले पंधरा दिवस ती पिंजऱ्यात होती. सशाचा पिंजरा असंच लिहिलेलं होतं त्यावर, म्हणून मी विश्वासाने आणला. आत एक उडी मारली की समोरची जाळी येते एवढीच जागा, आणि खाली तळालाही जाळीच. सशाच्या पायाला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, त्यामुळे तारेवर उभं राहून राहून तळव्याचे केस झिजतात आणि पुढे जखमा होतात. माझ्या लक्षात आलं तेव्हा तिच्या मागच्या पायांचे तळवे लाल व्हायला लागले होते. त्याच दिवशी पिंजरा बाजूला ठेवला. सशाला लांबीच्या दिशेने ओळीने तीन उड्या मारता आल्या पाहिजेत आणि मागच्या पायांवर उभं राहिलं तर कान वर टेकायला नको, हा अंदाज सगळेच सांगतात. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था 3 मीटर बाय 2 मीटर आणि 1 मीटर उंच एवढी कमीत कमी जागा मागते, म्हणजे जमिनीवर 6 चौरस मीटर. दुकानातल्या पिंजऱ्यांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा एकदा.

आता या घेऱ्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते, जी बॉक्सवर कुठेच लिहिलेली नाही. तो मांडायचा कसा यावर जागा किती मिळते ते ठरतं, आणि फरक थोडाथोडका नाही. आठही पॅनल खोलीच्या मधोमध चौकोनात लावले तर 1.2 बाय 1.2 मीटर होतं, म्हणजे जेमतेम दीड चौरस मीटर. मी पहिला आठवडा तसाच ठेवला होता कारण बॉक्सवरच्या फोटोत तसा होता. मग एक बाजू काढून टाकली आणि भिंतीलाच चौथी बाजू केली, समोर चार पॅनल, बाजूंना दोन-दोन, तर 2.4 बाय 1.2, सरळ दुप्पट. आणि मग खोलीचा कोपराच वापरला, दोन बाजूंना दोन भिंती, एका बाजूला पाच पॅनल आणि दुसरीला तीन, तर 3 मीटर बाय 1.8 मीटर झालं, म्हणजे जवळजवळ साडेपाच चौरस मीटर. तेच आठ पॅनल, वर काहीच खर्च नाही! ज्या दिवशी कोपऱ्यात मांडला त्या संध्याकाळी चिंगी पहिल्यांदा हवेत उडी मारून अंगाला पीळ देताना दिसली, ससा खूश असला की हे करतो, धावता धावता मधेच उडतो आणि डोकं एकीकडे नि मागचे पाय दुसरीकडे. मी हातातलं काम टाकून बघतच बसले.

पण कोपरा वापरला की भिंती आत येतात, हे लक्षात ठेवा. चौथ्या दिवशी वॉलपेपरचा खालचा कडेचा भाग पट्टीसारखा सोललेला सापडला आणि भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीवर, म्हणजे स्कर्टिंगवर, दातांच्या जोड-रेघा, एकीला लागून एक, जशी छोट्या पटाशीने मारावी तशा. यावर मी बरेच प्रकार केले. कडू स्प्रे मारला तर तिने तो चाटला, खरंच चाटला, आणि मग त्याच जागी कुरतडलं. काही सशांवर चालतो म्हणतात, आमच्याकडे नाही चालला, आणि वाळला की वास जातोच, मग रोज मारत बसा. शेवटी पारदर्शक प्लास्टिकच्या जाड शीट आणल्या, 60 सेंमी उंचीच्या कापून घेतल्या आणि भिंतीला टेकवून खाली गवताचा ट्रे आणि तिचं खोकं असं अडकवलं की सरकत नाहीत. सपाट मोठ्या पृष्ठभागावर सशाला दात लावताच येत नाहीत, त्याला कड लागते. त्यामुळे शीट कापताना कडा कोपऱ्यात किंवा जड वस्तूमागे जातील असं बघा, उघडी कड ठेवली तर ती शीटच खाईल. टेबलाच्या पायांना मोठ्या व्यासाचा कडक पीव्हीसी पाइप उभा चिरून बसवलाय, वर अर्ध्या हातापर्यंत, त्यालाही सात महिन्यांत फक्त ओरखडे आहेत.

पुठ्ठा मात्र भरपूर ठेवा, स्कर्टिंगपुढे पुठ्ठ्याचे दोन-तीन थर उभे केले की ती आधी त्याच्यावर तुटून पडते आणि आठवड्याने नवीन लावायचे. टेप, स्टेपलर पिना आणि चकचकीत छपाईचा कागद आधी काढून टाकायचा, एवढं एकच पथ्य.

जाळीबद्दल. गजांमधलं अंतर साधारण 3 सेंमी आहे. चिंगीला पुरलं, पण अगदी लहान पिल्लू असेल तर डोकं गेलं की अंग जातं, आणि अर्धवट अडकलं तर घाबरून मागचे पाय झाडतं. सशाची हाडं हलकी नि मागच्या पायांचा जोर प्रचंड, त्या झटक्याने स्वतःचाच पाठीचा कणा मोडू शकतो. म्हणून पहिला महिना मी खालच्या 20 सेंमीला बाहेरून पुठ्ठ्याची पट्टी बांधून ठेवली होती. गजांवर काळं पावडर कोटिंग आहे, दिसायला छान, पण दाराजवळच्या दोन गजांवरून टवके उडाले कारण तिथेच ती दात लावून जाळी खडखडवायची. पहाटे साडेपाचला. ससे पहाटे आणि संध्याकाळी जागे असतात, दुपारी नि मध्यरात्री शांत, त्यामुळे हा आवाज बरोबर झोपेच्या वेळी येतो. सुरुवातीला मला वाटलं दात शिवशिवत असतील म्हणून लाकडं आणून टाकली, तिने बघितलंसुद्धा नाही. ती लाकूड मागतच नव्हती, दार उघडा म्हणत होती. सकाळी एक तास आणि संध्याकाळी तीन-चार तास दार उघडं ठेवायला लागले तशी आठवड्याभरात खडखड थांबली. टवके उडालेले गज मी बघत असते, कारण खाली जस्ताचा मुलामा असला तर तो पोटात जाणं चांगलं नाही. कोटिंगचा एक स्टार मी इथेच कापते.

आता खालच्या मॅटचं, आणि हे नीट वाचा. घेऱ्याबरोबर एक पातळ नायलॉनचं कापड येतं, ते तिने दोन दिवसांत कोपऱ्यातून उसवलं, ठीक आहे, काढून टाकलं. मग गुळगुळीत फरशीवर तिचे पाय घसरायचे, ससे अशा फरशीवर चालायलाच घाबरतात, म्हणून मी लहान मुलांसाठी मिळतात त्या कोड्यासारख्या एकमेकांत बसणाऱ्या फोमच्या मॅट टाकल्या. विकणाऱ्याने विचारल्यावर बिनधास्त सांगितलं होतं की प्राण्यांना चालतात. मऊ, धुवायला सोप्या, मला तर फार आवडल्या होत्या.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी ट्रेमध्ये लेंड्याच नव्हत्या. म्हणजे होत्या सात-आठ, पण बारीक आणि वेड्यावाकड्या, एरवी वाटाण्याएवढ्या गोल नि चिकार असतात. गवत रात्री घातलं तसंच होतं. तिच्या आवडीचा हिरवा पाला नाकापुढे धरला तर तिने मान वळवली, आणि पाठ वर करून कोपऱ्यात बसून राहिली, दात करकरत. खुशीत दात हलकेच वाजवतात तो आवाज वेगळा, हा वेगळा. मॅट उचलून बघितली तर भिंतीकडच्या बाजूचे दोन दाते गायब, चुरा कुठेच नाही, म्हणजे खाल्लेले. सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेलं एकतर पुढे सरकतं किंवा अडकतं, आणि सशाचं आतडं थांबलं की गोष्ट तासांवर येते, दिवसांवर नाही. दहा-बारा तास काही खाल्लं नसेल तर थांबायचं नाही, हे मी आधी वाचलेलं म्हणून तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला, सलाइन दिलं, दुखणं कमी करायचं औषध दिलं, आणि घरी सिरिंजने पातळ केलेलं गवताचं खाद्य थोडं थोडं भरवायला लावलं. दोन रात्री मी मांडीवर टॉवेल घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये चार लेंड्या दिसल्या आणि मला रडू आलं.

फोम त्याच दिवशी घराबाहेर गेला. आता खाली जाड, घट्ट विणीचा सुती गालिचा आहे, ज्याच्या सगळ्या कडा घेऱ्याच्या बाहेर किंवा जड ट्रेखाली जातात. लांब धाग्यांचा किंवा फासे असलेला गालिचा नको, नखं अडकतात. एका कोपऱ्यात ती उकरायची तिथे एक सिरॅमिक टाइल टाकली आणि शेजारी फाडलेल्या कागदाने भरलेलं खोकं ठेवलं, उकरायची हौस तिथे फिटते. जमिनीत बिळं खणून राहणाऱ्या प्राण्याचा वंश आहे, उकरणारच.

वायरींकडे येते. घेऱ्याबाहेर सोडल्यावर पहिल्याच संध्याकाळी फोनच्या चार्जरची वायर गेली. मी तिथेच बसलेले, समोर. ती चालत आली, वायर रस्त्यात आडवी होती, थांबलीसुद्धा नाही, खट् आवाज आला आणि ती पुढे निघून गेली. कापही असा स्वच्छ आणि तिरका की कात्रीने कापल्यासारखा. नशीब की ती बारीक, कमी व्होल्टेजची बाजू होती. भिंतीतल्या करंटची वायर असती तर तोंड भाजतं, शॉक बसतो, फुफ्फुसात पाणी होतं. बिळात राहणारा प्राणी वाटेत आलेलं मूळ कापून रस्ता मोकळा करतो, आणि आपली वायर त्याच्या दृष्टीने मूळच आहे, शिवाय सशाला स्वतःच्या नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही, तिथे तो मिशा आणि ओठांनीच चाचपतो, मग ओठाला लागलं की दातही लागतात. त्यामुळे ओरडून काही होत नाही, तिला ती चूक वाटतच नाही.

मी तीन प्रकार वापरले. पहिला, स्प्रिंगसारखी गुंडाळायची प्लास्टिकची पट्टी. हिच्यात वेढ्यांमधे फटी राहतात आणि दात बरोबर फटीत जातात, सहा दिवसांत निकाल. घेऊ नका. दुसरा, उभी चीर असलेली घड्याघड्यांची काळी नळी. ही बरी आहे, लावायला सोपी, चीर भिंतीकडे वळवून ठेवली तर तिला कड सापडत नाही. चार महिन्यांनी एका जागी नळी कुरतडून पातळ झालेली सापडली, वायरला धक्का नव्हता. म्हणजे ही नळी वेळ मिळवून देते, पण दर आठवड्याला हात फिरवून बघावं लागतं. तिसरा, इलेक्ट्रिशियन भिंतीवर वायर झाकायला लावतात ती कडक पीव्हीसीची केसिंग पट्टी. खालून वरपर्यंत भिंतीला स्क्रूने बसवून घेतली, टेबलामागच्या सगळ्या वायरी एकाच पट्टीत, आणि एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालच्या अंगाला उलटा टांगला. सात महिन्यांत एकही दात नाही. नुसत्या चिकटपट्टीवर लावू नका, ती नाकाने ढकलून सैल करते, स्क्रूच हवा. जिथे वायर जमिनीवरून नेणं टाळता येत असेल तिथे टाळाच, वर उचला, झाकण्यापेक्षा ते बरं. आणि सोफ्यामागची, फ्रिजमागची फट बंद करा, तिथे एकदा ससा शिरला की तुम्हाला हात घालता येत नाही आणि सगळ्या जाड वायरी तिथेच असतात. मी तिथे पिंजऱ्याच्याच दोन बाजू उभ्या करून लावल्यात, त्याचा तेवढा उपयोग झाला. कुंड्यासुद्धा उचला, मनी प्लांट सशाला विषारी आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात असतं.

दातांबद्दल एक गैरसमज मलाही होता म्हणून लिहिते. सशाला 28 दात असतात आणि सगळेच आयुष्यभर वाढतात, वरचे पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. म्हणून लाकूड द्या म्हणजे घर वाचेल असं सांगतात. पण जास्त घोर दाढांचा असतो, त्या वाढल्या की गालात नि जिभेत रुततात, आणि लाकूड कुरतडताना दाढा कामालाच येत नाहीत. त्या झिजतात त्या गवत चघळताना, जबडा आडवा फिरतो तेव्हा. तेव्हा दिवसभर वाळलेलं गवत समोर पाहिजे, खाण्यातला बहुतेक भाग तेच. मी गवताची जाळी लिटर ट्रेच्या, म्हणजे तिच्या शी-शूच्या ट्रेच्या, बरोबर वर टांगलीये, कारण ससे खाता खाताच शी करतात, त्यामुळे ट्रेची सवय लागायला वेगळी मेहनतच करावी लागली नाही. ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्या घालते, ओली झाली की गोळा होणारी, मांजराच्या ट्रेमध्ये घालतात ती माती नको आणि देवदार-पाइनचा भुसाही नको. आणि खरं सांगते, ट्रे आणि गवत अशा जागी आल्यापासून ती तासन् तास तिथेच बसून चघळत असते, स्कर्टिंगकडे जायला तिला फुरसत कमी. लाकूड द्यायचंच तर सफरचंदाच्या झाडाच्या वाळलेल्या काटक्या चालतात, चेरी-पीच-प्लम या जातीतल्या नकोत, रंगवलेलं किंवा प्लायवूड तर अजिबात नको.

सहाव्या महिन्यात तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. मादीला गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मोठा असतो, मुख्य कारण तेच होतं, पण महिन्याभरात उकरणं आणि गालिचा ओरबाडणं निम्म्यावर आलं हेही तितकंच खरं. हनुवटी घासणं तेवढं चालू आहे, खुर्चीला, ट्रेला, माझ्या चपलेला. हनुवटीखाली वासाची ग्रंथी असते, हे माझं असं ती सांगत फिरते, त्याने काही खराब होत नाही.

घेऱ्याच्या छोट्या तक्रारी. दाराला दोन सरकत्या कड्या आहेत, खालची सैल आहे, नाकाने उचलली जाते, मी तिला कपड्याची क्लिप लावते. घेरा भिंतीला जिथे संपतो ती दोन टोकं मोकळी राहतात आणि ससा घेरा ढकलत ढकलत फट करतो, तिथे भिंतीत आकडा मारून पॅनल अडकवा. मी आधी नायलॉनचे पट्टे बांधले होते, ते तिने दोन रात्रींत तोडले, गाठी बाहेरच्या बाजूला ठेवूनसुद्धा. उंची 75 सेंमी आमच्या छोट्या चिंगीला पुरते, पण एकदा खोकं जाळीला चिकटून राहिलं तर त्यावरून तिने सरळ बाहेर उडी घेतली, तेव्हा आत काहीही जाळीपासून दूर ठेवा, आणि तुमचा ससा उडी मारणारा असेल तर 90 सेंमीचाच घ्या. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर वरून उघडी असलेली ही वस्तू पुरेशी नाही. धुवायला मात्र मस्त, सळया ओढल्या की पाच मिनिटांत मोकळा. सशाच्या लघवीत कॅल्शियम असतं, त्याचे पांढरे थर जाळीच्या खालच्या गजावर नि ट्रेवर बसतात, पातळ व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवलं की निघतात.

घेऱ्याला पाचपैकी चार. स्पायरल पट्टीला एक, काळ्या नळीला तीन, केसिंगला पूर्ण पाच, कडू स्प्रेला शून्य.

गेल्या आठवड्यापासून मी रात्रीही दार उघडं ठेवायला लागलेय. बेडरूम बंद, बाकी हॉल तिचा. पहिल्या रात्री तीनदा उठून वायरी बघितल्या, सगळ्या जागेवर होत्या, आणि ती घेऱ्यातच होती, गवताच्या जाळीखाली, कुशीवर आडवी पसरलेली, मागचे पाय ट्रेच्या बाहेर.